आधी नवरीचा हात

मखमलाबादच्या बायका सांगायच्या, आबिदाबीनं हात धरला की बांगडी कधी चढली ते कळतसुद्धा नाही. तळवा ती भाकरीच्या पिठासारखा मळायची, अंगठा आत मुडपायची, पेराचं हाड हलकेच दाबायची आणि मधेच विचारायची, "सासू कशी आहे गं तुझी?" बाई सासूचं सांगायला लागली की हात आपसूक सैल पडे आणि काच हाडावरून सुळकन मनगटात जाई. गाऱ्हाणं संपेस्तोवर डझन भरलेलं असे. "ज्या बाईला सासूच नाही तिचा हात फार कडक," असं आबिदा म्हणायची. मग बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

नाशकात कथड्यात तिचं घर. नवरा खाजा पुढच्या पडवीत बांगड्यांचं दुकान मांडून बसे. पण खेड्यातल्या बायका दुकानाची पायरी थोड्याच चढणार? त्यांच्याकडे आपणच जायचं. डोक्यावर टोपली, खांद्यावर काचेच्या माळा, आणि पूल ओलांडून दोन कोस चाल. सोळाव्या वर्षी सासूबरोबर ती पहिल्यांदा मखमलाबादला गेली, तेव्हा सासूनं तिच्यापुढं एक हात धरला नि म्हणाली, "भर." तो हात कुसाबाईचा. कुसाही नवीनच नांदायला आलेली, हिच्याच वयाची. आबिदानं पहिल्याच हातात तीन बांगड्या वाढवल्या. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. कुसाच्या मनगटातून रक्त आलं. घरात सासू बसलेली, त्यामुळं ती पोर हूं की चूं करेना. उलट खालच्या आवाजात म्हणाली, "भर गं. दुसरा हात हाय की अजून."

त्या दिवसापासून कुसाच्या हातात दुसऱ्या कुणाची बांगडी गेली नाही. तिला मुलगी झाली, वत्सला. बाराव्या दिवशी तिच्या करंगळीएवढ्या मनगटात काळी बांगडी घातली तीही आबिदानंच. कुसा बाळंतिणीच्या बाजेवरून म्हणाली, "हिच्या लग्नाचा चुडाबी तूच भरायचा बरं का."

"भरीन की. तोवर मी काय मरते?"

मेली नाही. पण सदतीस सालच्या वैशाखात वत्सलाचं लग्न निघालं, तेव्हा आबिदाच्या हाताला काय झालंय हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

सुरुवात झाली आदल्या दसऱ्याला. सकाळी ती ठणठणीत घराबाहेर पडे आणि दुपार कलली की डाव्या डोळ्याची पापणी खाली येऊ लागे. झोप नसायची, तरी पापणी आपली यायची, दुकानाची फळी खाली यावी तशी. मग समोरच्या मनगटाशेजारी आणखी एक मनगट दिसायला लागे. खरं कोणतं नि खोटं कोणतं? एक डोळा मिटला की दुसरं मनगट नाहीसं होतं, हे तिचं तिनंच शोधून काढलं. तेव्हापासून ती एक डोळा मिटून बांगड्या भरू लागली.

"अगं बया, मण्यारीण डोळा मारती!" कुसाची जाऊ कलाबाई ओरडली. "आबिदाबी, इथं समद्या बायाच हायेत गं. कुणाला मारतीस?"

"तुझ्या नवऱ्याला. तो बघ, गोठ्याच्या दारातनं बघतोय."

असं ती हसण्यावारी नेई. पण थंडीच्या दिवसांत हसणंही गेलं. हसू आलं की ओठ वर चढेनात, नुसते दात दिसत, आणि समोरच्या पोरीला वाटे की मावशी अंगावर येतेय. जेवताना अर्धी भाकरी चावून होई, उरलेल्या अर्धीला जबडाच उठेना. हातानं हनुवटी खालून ढकलत तो घास संपवावा लागे. संध्याकाळी बोलणं नाकातून यायचं, विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं. आणि ज्या अंगठ्यानं जन्मभर हाडं दाबली, तो तिसऱ्या-चौथ्या बाईच्या हाताशी आला की लोण्याचा व्हायचा. सकाळी मात्र सगळं जिथल्या तिथं. पापणी वर, आवाज खणखणीत.

गल्लीत कुजबूज सुरू झाली. मण्यारीण अफू खाते. कुणी म्हणालं नजर लागली. खाजानं दर्ग्यातून ताईत आणला. पंचवटीतल्या वैद्यानं वाताचं सांगून काढा दिला. काढ्यानं तोंड कडू झालं, एवढाच काय तो फरक.

मग खाजा तिला डॉक्टर गोगट्यांकडे घेऊन गेला. माणूस सरळ, मुंबईला शिकून आलेला. डॉक्टरकडे बाई न्यायची म्हणजे खाजाच्या मते काही रीतभात होती. आदल्या दिवसापासून त्यानं तिला हंडा उचलू दिला नाही. चूल शेजारच्या बिलकिसनं सांभाळली. सकाळी न्हाऊन, धुतलेलं लुगडं, डोळ्यांत सुरमा, आणि दारात टांगा. "चालायचं नाही. दम लागला तर डॉक्टरांना नीट तपासता येणार नाही," खाजा म्हणाला. पहिला नंबर लागावा म्हणून दवाखाना उघडायच्या आधीच दोघं पायरीवर हजर.

डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या. सरळ. हात दाबायला सांगितलं. आबिदानं असा दाबला की डॉक्टरांनीच हात झटकला. त्यांनी खाजाला बाजूला घेतलं. "घरात काही कटकट? मुलीची काळजी वगैरे?"

"रेहाना मालेगावला दिली, साहेब. सुखात आहे."

"मग मनाचंच असेल. या वयात होतं बायकांना." त्यांनी लाल औषधाची बाटली दिली. संध्याकाळी आबिदाची पापणी पुन्हा पडली. दुसऱ्या खेपेलाही तसाच टांगा, तसाच सुरमा, पहिला नंबर आणि लाल बाटली. तिसऱ्या खेपेला डॉक्टर नुसते हसले.

परतताना टांग्यात खाजा म्हणाला, "आबिदा, सच बोल. तुझे सचमुच होता क्या?"

तिला रडू आलं. पण सकाळची वेळ होती, आणि सकाळी तिचे डोळे अगदी नीट, टपोरे दिसत होते. तिला स्वतःच्या डोळ्यांचा राग आला.

संक्रांतीच्या आधी मखमलाबादला नको ते घडलं. दिवसभर गावच्या हातांत बांगड्या भरून ती उन्हं उतरताना कुसाच्या घरी पोहोचली. तिथं पहिला हात कुसाच्या सासूचा, आक्काबाईचा. सत्तरी ओलांडलेली म्हातारी. म्हातारा ओसरीवर खोकत का होईना जिवंत होता, म्हणून तिचा चुडा अजून शाबूत होता नि घरात तिचा शब्द चालत होता. आबिदानं हात धरला. चार बांगड्या ओळीनं वाढल्या. चौथीची काच म्हातारीच्या कातडीत शिरली.

मण्यारणीच्या हातून वाढलेल्या बांगडीचं नुकसान मण्यारणीचं, त्यात बोलायचं काय? आक्काबाईनं रक्त पदरानं पुसलं. पण फाल्गुनात वत्सलाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं सुनेला बजावलं, "चुड्याला पंचवटीचा अन्सार बोलाव. नवरीच्या हातात बांगडी वाढाया नको."

कुसा हे सांगायला स्वतः कथड्यात आली. पेरूंची पाटी समोर ठेवली. तिच्या लक्षात आलं नव्हतं, पेरू आबिदाला आता चावत नाहीत.

"आत्याबाईंपुढं माझं काय चालतं?" कुसा म्हणाली. "तू राग मानू नको."

"अन्सार भरील चांगला," आबिदा म्हणाली. "माझ्या चुलत दिराचा मुलगा आहे. हात हलका आहे त्याचा."

"तुझ्यावानी नाय."

"माझ्यासारखा तर माझाही राहिला नाही आता."

कुसा उठली, दारापर्यंत गेली नि वळली. "आबे, तुला झालंय तरी काय गं? नाव काय त्याचं?"

नाव! कुणी तेवढं सांगितलं असतं तर म्हाताऱ्या आक्काबाईपुढं उभं राहून म्हणता आलं असतं, अमुक झालंय. नाव नसलेल्या दुखण्याला अफू म्हणतात, नाही तर ढोंग.

पुढच्या बुधवारी नदीकाठी बाजार भरला. आबिदानं दिवसभर बाजारात हात भरले. चारच्या सुमाराला पापणी आली, दुसरं मनगट आलं, तशी ती टोपली उचलून थेट दवाखान्यात गेली. खाजाला सांगितलं नाही, टांगा केला नाही. आता तरी डॉक्टरांना दिसेल.

कंपाउंडर सावळीरामनं तिला बाकावर बसवलं. "गर्दी आहे. बसा निवांत, पाठ टेका."

ती बसली, पाठ टेकली. दीड तासानं आत बोलावलं तेव्हा पापणी वर गेलेली, आवाज मोकळा.

"बाई, पुन्हा?" डॉक्टर दमलेले होते. "काय होतंय?"

आबिदा बोलायला गेली आणि थांबली. काहीच होत नव्हतं. बाकावर बसून बसून दुखणं उतरलं होतं. दर खेपेला असंच झालं होतं! टांग्यात बसलं, हंडा उचलला नाही, विश्रांती घेतली आणि रोग घरी ठेवून माणूस तेवढं दवाखान्यात आलं. खाजा बिचारा तिला जपत होता आणि तिच्याबरोबर दुखण्यालाही झाकत होता.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "तुम्ही तुमचं काम करा. मी बाहेर माझं करते. घटकाभरानं मला बघा."

आणि तिनं दवाखान्याच्या पडवीत टोपली मांडली.

"अहो, हा दवाखाना आहे का जत्रा?" सावळीराम धावला.

"गप रे," खोकल्याच्या औषधाला आलेली एक बाई म्हणाली. "फुकट भरतीय का गं? मग माझा आधी."

फुकट म्हटल्यावर बायका सरसावल्या. पेठकडची चिमणाबाई नावाची म्हातारी होती, कोपरापर्यंत गोंदलेली. तिचा हात म्हणजे जुन्या सागाचं खोड. आबिदानं तोही भरला. नाडी बघायला आत गेलेली बाई बांगड्या किणकिणवत बाहेर आली. डॉक्टर आधी चिडले, मग दारात येऊन उभे राहिले, मग खुर्ची ओढून बसले.

पाचव्या बाईला डावी पापणी अर्ध्यावर आली. सहाव्या बाईला उजवीही. आबिदानं एक डोळा मिटला. "मोजत भरा," डॉक्टर एकदम म्हणाले, "मोठ्यानं." ती मोजू लागली. अकरापर्यंत आवाज नीट होता. पंधराला तो नाकात शिरला, विसाला पुटपुट झाली. बाविसावी बांगडी हाडावर अडली आणि अंगठा दाबता दाबता नुसता पडून राहिला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. काच वाढली.

तिनं मान वर करायचा प्रयत्न केला. मानही उचलेना. हनुवटीखाली तळवा लावून तिनं चेहरा डॉक्टरांपुढं धरला.

"दिसलं?" ती नाकातून म्हणाली.

डॉक्टर खुर्चीवरून उठून जमिनीवर, तिच्यासमोर बसले. "दिसलं, बाई. पण सकाळी बरं असतं हे मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारायचात काय होतंय. तेव्हा काहीच होत नसायचं."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी कपाटातली विलायती मासिकं खाली काढली. आबिदाला त्यांनी नाव सांगितलं. लांबलचक होतं. मराठीत त्याला नाव नव्हतं. लाखात एखाद्याला होतं म्हणाले, आणि त्यांनी स्वतः ते पुस्तकाबाहेर पहिल्यांदाच पाहिलं होतं. स्नायूला हुकूम पोहोचतो, पण वाटेत विरत जातो. थांबलं की पुन्हा पोहोचतो. आबिदानं ते नाव तीनदा म्हणवून घेतलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती चिठ्ठी तिनं ताइताच्या पेटीत ठेवली.

औषधही होतं. विलायतेत कुणा डॉक्टरीणबाईंना दोन-तीन वर्षांमागे सापडलं होतं. आठ दिवसांनी मुंबईहून बाटली आली. संध्याकाळी, पापण्या मिटल्या असताना, डॉक्टरांनी सुई टोचली. अर्ध्या तासात आबिदाचे डोळे उघडले. समोर खाजा उभा होता, एकच खाजा. त्याचं तोंड बघून तिला हसू आलं, आणि हसू ओठांवर चढलं, पूर्ण, दोन्ही बाजूंनी. खाजा बापडा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चार-पाच महिन्यांत त्यानं बायकोला हसताना पाहिलं नव्हतं.

पण पाठोपाठ पोटात अशी कळ आली की ती दुमडली. घाम फुटला, तोंडातून लाळ गळू लागली, नाडी इतकी मंदावली की डॉक्टर तिचं मनगट धरून तासभर हलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा टोचायचा मला धीर नाही. अजून विलायतेतसुद्धा याचं माप शिकतायत. हे जाणारं दुखणं नाही, बाई. याच्याबरोबर राहायचं."

"वैशाखात एक चुडा भरायचा आहे, साहेब."

"मग पहाटेपासून कशाला हात लावू नका. आता दिवसाला भरवशाच्या वीस-बावीस बांगड्या आहेत तुमच्या हातात. त्या कुणाच्या, ते तुम्ही ठरवा."

नवरीचा चुडा बावीस बांगड्यांचा. अकरा नि अकरा. आबिदानं मखमलाबादला निरोप धाडला. जिथं दिवसाला बावीस हात भरत होते, तिथं आता बावीस बांगड्या राहिल्यात. भरीन तर नवरीच्याच. पण आधी नवरीचा हात.

इथंच अडलं. त्या घरात चुडा भरायची रीत ठरलेली. पहिला हात आक्काबाईचा, मग चुलत सासवा, जावा, नणंदा, कुसा, आणि नवरी सगळ्यात शेवटी. नातीचा हात आजीच्या आधी? "लग्नाआधीच पोरीला माझ्या डोक्यावर बसवता व्हय?" आक्काबाई म्हणाली. अन्सारला सांगितलेलं तिनं रद्द केलं नाही.

तरीही हळदीच्या आदल्या दिवशी आबिदा गेली, ती टांग्यानं, मांडीवर हात ठेवून, जणू हातांचा रोजाच धरलाय. पाणी पाजलं तेही खाजानं. मांडवात बायका जमलेल्या. एका बाजूला अन्सार टोपली सोडून बसलेला. आणि मधोमध चटईवर, आपल्या हक्काच्या जागी, आक्काबाई.

म्हातारीनं हात पुढं केला. आबिदापुढं.

आबिदाचे हात मांडीवरच राहिले. नाही म्हणायची तिची छाती होत नव्हती, आणि हो म्हटलं तर बावीसातल्या बांगड्या तिथंच खर्ची पडणार होत्या.

"किती हायेत गं आज तुझ्या हातात?" आक्काबाईनं विचारलं.

"नवरीपुरत्या, आक्का."

"आन् नाव काय म्हनली त्या दुखन्याचं? कुसी सांगत व्हती."

आबिदानं नाव सांगितलं. अडखळली नाही. म्हातारीनं ते ओठांत घोळवून बघितलं, तिला जमलं नाही. तिनं टोपलीतून मोठ्या मापाची एक हिरवी बांगडी स्वतःच उचलली. तिचा हात वाळल्या शेंगेसारखा झालेला. बांगडी दाबावी लागलीच नाही, आपसूक मनगटात जाऊन पडली. जानेवारीतल्या जखमेचा वण तिच्याखाली झाकला.

"झाला माझा मान," आक्काबाई सरकत म्हणाली. "बसवा नवरीला."

वत्सला बसली. आबिदानं हात धरला. काळी बांगडी घातली होती तोच हात. पहिला हात हां हां म्हणता भरला. दुसऱ्या हाताच्या सातव्या बांगडीला दुसरं मनगट दिसलं. आबिदानं एक डोळा मिटला.

"मावशी डोळा मारती," वत्सला हळूच म्हणाली.

"गप. सासू कशी आहे गं तुझी?"

"मला काय ठावं? अजून गेले कुठं मी?" पोर हसली नि हात सैल पडला. शेवटच्या दोन बांगड्या आबिदानं दोन्ही डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याच्या आठवणीनं चढवल्या. बावीस. एकही वाढली नाही. वत्सलानं वाकून मण्यारणीला नमस्कार केला. आबिदाला आशीर्वाद द्यायचा होता, पण आवाज गेला होता. तिनं नुसता हात डोक्यावर ठेवला.

मग अन्सारनं बाकीच्या बायकांचे हात भरले. कुसाची पाळी आली तेव्हा ती उठून चुलीकडे गेली.

"अगं, नवरीची आय तू," कलाबाई म्हणाली. "जुन्या बांगड्यांवर उभी राहनार मांडवात?"

"ऱ्हाईन. माझं मागनं."

आणि कुसाबाई लेकीच्या लग्नात जुन्या, रंग उडालेल्या सात-आठ बांगड्या घालून उभी राहिली. वऱ्हाडातल्या बायकांनी नावं ठेवली, ती तिनं ऐकून घेतली.

आबिदा लग्नाच्या चौथ्या दिवसापासून कुसाची वाट बघू लागली. रोज पहाटे उठे आणि हात मांडीवर ठेवून उंबऱ्यात बसे. वेणी बिलकिस घाली. खाजा चहा करी. ऊन कौलांवर आलं की ती समजे, आज नाही. मग हंडा उचले, तवा उचले, आणि दुपारपर्यंत हात संपवून टाकी. पाठवणी झाली असेल, पाहुणे असतील, म्हातारा आजारी पडला असेल. रोज एक कारण. बावीस बांगड्या रोज सकाळी हातात यायच्या आणि रोज कुसाशिवाय निघून जायच्या.

नवव्या दिवशी कुसा आली. धुळीनं पाय माखलेले. समोर बसली आणि हात पुढं केला. तेवीस वर्षांपूर्वीचा वण अजून होता. आबिदा भरू लागली. पण त्या दिवशी दुखण्यानं दगा दिला. एका हातात नऊ झाल्या, दुसऱ्यात पाच, आणि पापण्या आल्या.

"ऱ्हाऊ दे," कुसा म्हणाली. "उद्या येते."

"चार बांगड्यांसाठी दोन कोस?"

"मंग? तू नाय आलीस एवढी वरसं?"

ती उठली. एक हात भरलेला, एक अर्धवट, तशीच पुलाच्या वाटेला लागली. आबिदा दारात उभी राहिली. वाटेवरून दोन कुसा चालल्या होत्या, शेजारी शेजारी, दोघींचे पदर वाऱ्यानं उडत होते. एक डोळा मिटला असता तर त्यातली एक गेली असती. आबिदानं मिटला नाही. पापण्या पुऱ्या खाली येईपर्यंत ती दोघींना बघत राहिली.